बँकेत ठेव, की बँकेचा शेअर?

२०२५ ची दिवाळी झाली आणि त्याच आठवड्यात माझ्या एका मुदत ठेवीची दोन वर्षं पुरी झाली. व्याजासकट सहा लाख रुपये खात्यावर येऊन बसले. निवृत्त झाले तेव्हा ग्रॅच्युइटीतून बाजूला काढलेले हे पैसे. बत्तीस वर्षं शाळेत खडू झिजवला, त्याचे म्हणा हवं तर. आता त्यांचं करायचं काय, यावर आमच्या घरी महिनाभर खल चालला होता. गंमत म्हणजे त्यात सगळ्यात कमी मीच बोलत होते!

आमच्या ‘ह्यां’चं मत ठरलेलं. “पावती घेऊन जा आणि रिन्यू करून ये.” बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीचं मत वेगळं. “मॅडम, नुसती एफडी कशाला? एक छान प्लॅन आलाय,” असं म्हणत तिने विम्याचं गुळगुळीत पत्रक पुढे सरकवलं. (बँकेत विमा विकणाऱ्या या मुलींना टार्गेट असतं, हे मला कळतं. म्हणून मी रागावत नाही. फक्त पत्रकही घेत नाही.) आणि पुण्याहून आलेला भाचा सोफ्यावर लोळत म्हणाला, “मावशी, बँकेत पैसे ठेवण्यापेक्षा थोडी बँकच विकत घे ना! चार मोठ्या बँकांचे शेअर घे आणि विसरून जा. तुझ्या पैशावर बँक कमावते आणि तुला सात टक्केसुद्धा देत नाही.”

वाक्य मोठं चटकदार होतं. रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. त्यात खोटंही काही नव्हतं. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर टप्प्याटप्प्याने खाली आणला, तसे ठेवींचे दरही उतरले. मागच्या खेपेला ज्येष्ठ नागरिक म्हणून मला साडेसात टक्के मिळाले होते. या वेळी सातही पुरते मिळत नव्हते. इकडे दूध, औषधं, गॅस यांचं आपलं चाललेलंच आहे.

पण मी मूळची घाबरट. आणि त्याला कारण आहे. वडील गेल्यावर आईने तिच्या पाटल्या मोडल्या आणि ते पैसे तालुक्यातल्या एका पतसंस्थेत ठेवले. चेअरमन ओळखीचे, आमच्याच गल्लीत लहानाचे मोठे झालेले. बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त. आईला ती ‘बँक’च वाटायची. आम्हालाही वाटायची, खोटं कशाला बोलू? एके दिवशी दाराला कुलूप लागलं. पुढची आठ वर्षं आई दर महिन्याला रिक्षा करून तिथे जायची, कधी पाचशे, कधी हजार रुपये हातात पडायचे. निम्मेही परत आले नाहीत. ती गेली तेव्हा ते पासबुक तिच्या उशाखाली होतं. तेव्हा दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताकही फुंकूनच पिणार!

म्हणून या वेळी ठरवलं, की ‘हे’ म्हणतात म्हणून ठेव नको आणि भाचा म्हणतो म्हणून शेअरही नको. आधी समजून घेऊ. आयुष्यभर मुलांना “समजलं नाही तर विचारा” म्हणून सांगितलं, आता आपण विचारायला काय हरकत आहे?

आणि पहिली गोष्ट समजली ती ही, की आपण बायका (आणि पुरुषही, पण ते कबूल करत नाहीत) ‘बँक’ या एकाच शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो. बँकेतली ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेलं कर्ज. बँकेचा शेअर म्हणजे बँकेची भागीदारी. ठेवीदाराला बँक देणं लागते. भागधारकाला बँक काहीच देणं लागत नाही. सगळ्यांचं देऊन झाल्यावर जे उरेल ते त्याचं. पुष्कळ उरलं तर पुष्कळ, नाही उरलं तर हरी हरी.

माझ्या डोक्यात हे असं बसलं. समजा, बँकेने शंभर रुपयांची कर्जं वाटली. त्यातले, हिशेब सोपा व्हावा म्हणून धरू, दहा रुपये मालकांचे म्हणजे भागधारकांचे आणि नव्वद तुमच्याआमच्या ठेवींचे. आता शंभरातली पाच रुपयांची कर्जं बुडाली, तर ते पाच कुणाचे गेले? ठेवीदाराला त्याचे नव्वद पुरे द्यायचेच आहेत. म्हणजे गेले ते मालकांच्या दहातले. शंभरात फक्त पाच बुडाले, पण मालकाचे निम्मे गेले! उलट चांगल्या वर्षी नव्वद रुपयांवर जी कमाई होते, तिच्यातून ठेवीदारांचं व्याज आणि खर्च वजा जाता उरलेली सगळी या दहा रुपयांच्या वाट्याला येते. म्हणून बँकांचे शेअर चढतात तेव्हा झपाझप चढतात आणि पडतात तेव्हा दाणकन पडतात. साबण किंवा बिस्किटं बनवणाऱ्या कंपनीचं सहसा असं नसतं, कारण ती एवढ्या उसन्या पैशावर धंदा करत नाही.

हे नुसतं फळ्यावरचं गणित नाही. येस बँकेचं आठवत असेल. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले आणि खात्यातून पन्नास हजारांपेक्षा जास्त काढता येईना. एटीएमपुढे रांगा लागल्या. पण स्टेट बँकेने आणि इतर बँकांनी नवीन भांडवल घातलं आणि १८ मार्चला निर्बंध उठले. ठेवीदाराचा एक पैसा बुडाला नाही. आणि भागधारकाचं? ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या घरात असलेला तो शेअर ६ मार्च २०२० ला दिवसभरात सहा रुपयांच्याही खाली जाऊन आला. वर ज्यांच्याकडे शंभरपेक्षा जास्त शेअर होते, त्यांचे पाऊण हिस्सा शेअर तीन वर्षं विकायलाच बंदी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँकेत विलीन झाली. ठेवीदार सुखरूप, शेअरची किंमत शून्य. शून्य म्हणजे अक्षरशः शून्य, कागद उरला नाही. २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या भागधारकांच्या हातीही काही आलं नव्हतं.

आपल्या साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेचं त्या मानाने बरं म्हणायचं. २००६ मध्ये ती आयडीबीआयमध्ये गेली तेव्हा शेअरमागे अठ्ठावीस रुपये तरी रोख मिळाले. आणि सांगली बँकेची गोष्ट तर अगदीच निराळी. २००७ मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, तेव्हा सांगली बँकेच्या ९२५ शेअरना आयसीआयसीआयचे शंभर शेअर मिळाले. २०१४ मध्ये त्या एकेका शेअरचे पाच झाले, २०१७ मध्ये दहाला एक बोनस आला. म्हणजे शंभराचे साडेपाचशे! आमच्या भागात अजून कुणाकुणाच्या ट्रंकेत असे जुने कागद पडलेले असतील. असतील तर काढून बघा बरं का. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही, तर तो लाभांश आणि ते शेअरही सरकारच्या आयईपीएफ नावाच्या निधीत जमा होतात. परत मिळतात, पण अर्ज आणि खेटे चुकत नाहीत. सासऱ्यांचे कागद सुनेने रद्दीत घातले, असं व्हायला नको.

आता भाचा म्हणाला ते ‘मोठ्या’ बँकांचं. मोठी बँक बुडत नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे. स्टेट बँक, एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक या तिघींना रिझर्व्ह बँकेने वेगळ्या यादीत घातलं आहे. यातली एखादी कोसळली तर देशाचीच घडी विस्कटेल, म्हणून त्यांनी जादा भांडवल बाळगायचं, असा नियम आहे. पण मैत्रिणींनो, बुडत नाही म्हणजे वाढते असं थोडंच आहे? मोठी बँक बुडत नाही, पण बसून राहू शकते. आणि वर्षानुवर्षं बसते.

स्टेट बँकेचंच बघा. नोव्हेंबर २०१० मध्ये तिचा शेअर, आजच्या एक रुपया दर्शनी किमतीच्या हिशेबाने, साडेतीनशेच्या आसपास होता. मे २०२० मध्ये तो दीडशेवर होता. साडेनऊ वर्षं! एवढ्यात पहिलीतलं पोर दहावीला येतं. मधल्या काळात बँक काही बंद नव्हती, आपण रोज तिच्या रांगेत उभे होतोच. पण मोठमोठ्या उद्योगांना दिलेली कर्जं थकली, २०१७-१८ मध्ये बँकेने साडेसहा हजार कोटींचा तोटा दाखवला, आणि त्या वर्षीचा व पुढच्या दोन वर्षांचा लाभांशही भागधारकांना मिळाला नाही. मग वारं फिरलं. २०२४ मध्ये शेअर आठशेच्या पुढे गेला, २०२४-२५ चा नफा सत्तर हजार कोटींच्या वर गेला आणि शेअरमागे १५ रुपये ९० पैसे लाभांश मिळाला. २०१० मध्ये घेऊन २०२० मध्ये लेकीच्या लग्नासाठी विकावे लागले, तिला विचारा, मोठी बँक म्हणजे काय. आणि २०२० मध्ये घेतले तिला विचारा. दोघी एकाच बँकेबद्दल बोलतील, पण तसं वाटणार नाही.

खासगी बँकेचं तरी काय? एचडीएफसी बँक म्हणजे शेअरवाल्यांची लाडकी लेक. तिचा शेअरसुद्धा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोळाशेवर होता आणि तीन वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये चौदाशेच्या आसपास. (हे २०२५ मधल्या बोनसच्या आधीचे भाव.) १७ जानेवारी २०२४ ला एका दिवसात आठ टक्के पडला. बँक नफ्यातच होती. तिमाहीचे आकडे लोकांच्या मनासारखे आले नाहीत, एवढंच. आमचे ‘हे’ त्या संध्याकाळी बातम्या बघताना म्हणाले होते, “बघ, आणि लोक आपल्याला शेअर घ्या म्हणतात.”

भाच्याला मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तो हसला. “मावशी, तू नकारात्मक बघतेस. बँकांची थकीत कर्जं किती कमी झालीत बघ ना.” तेही खरं. मार्च २०१८ मध्ये बँकांच्या दर शंभर रुपयांच्या कर्जातले अकराहून जास्त रुपये थकीत होते. मार्च २०२५ मध्ये ते सव्वादोनच्या आसपास आले. पण मला यातच एक गोम दिसते. भाचा कमवायला लागला २०२१ मध्ये. त्याने फक्त चढ पाहिला आहे. बँकांचं सगळं छान चाललंय हे त्याला ठाऊक आहे, मलाही आहे, पेपरवाल्यालाही आहे, म्हणजे ते भावातही आलेलं असणार. आंबे स्वस्त मिळतात ते पेट्या तुंबतात तेव्हा, अक्षय तृतीयेला नाही.

मग बघायचं काय? मला पुस्तकी भाषा जमत नाही, म्हणून मी तीनच आकडे वहीत उतरवले. एक, थकीत कर्जाचं प्रमाण, आणि ते एका वर्षाचं नाही, दहा वर्षांचं. वाईट काळात बँक कशी वागली ते त्यात दिसतं. दुसरा आकडा, एकूण ठेवींपैकी बचत आणि चालू खात्यांतला पैसा किती. हा बँकेला स्वस्तात मिळालेला पैसा. तुमच्याआमच्या बचत खात्यात पडून असलेले वीस-तीस हजार, त्यावर बँक किती कमी व्याज देते, आठवा. ज्या बँकेकडे असा पैसा जास्त, तिला कर्ज देताना नको ती जोखीम घ्यावी लागत नाही. तिसरा, पुस्तकी किंमत. बँकेचं देणं देऊन भागधारकांचं जे उरतं, ते एका शेअरला किती येतं, आणि बाजार त्याच्या किती पट भाव मागतोय. एकपट, दीडपट, तीनपट. चांगल्या बँकेला जास्त भाव पडणार, ते ठीकच. पण पैठणी चांगली म्हणून कितीही किमतीला घ्यावी असं नाही ना?

सरकारी बँकेत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिथे मोठा मालक सरकार आहे आणि सरकारला नफ्याशिवायही पुष्कळ कामं असतात. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी बँका सावरायला सरकारने दोन लाख अकरा हजार कोटींची योजना जाहीर केली. बँका वाचल्या, ठेवीदार निश्चिंत राहिले. पण नवीन शेअर काढून सरकारने पैसे घातले, की जुन्या लहान भागधारकाचा वाटा पातळ होतो. आमटीत पाहुणे वाढले म्हणून पाणी घालावं तसा.

इथपर्यंत वही भरली होती. मग एक निराळाच प्रकार घडला. खातं उघडायला जुने कागद लागतील म्हणून कपाट उपसलं, तर ‘ह्यां’च्या फायलीत एक पाकीट सापडलं. लाभांशाच्या पावत्या, एका सरकारी बँकेच्या. आणि भागधारक म्हणून नाव माझं! २००३-०४ च्या सुमाराला सरकारी बँकांचे पब्लिक इश्यू एकामागून एक येत होते, तेव्हा माझ्या नावाने अर्ज भरला होता म्हणे. “अगं, दोन अर्ज टाकले की एखादा तरी लागतो. म्हणून तुझ्या नावाने टाकला. सही तूच केली होतीस.” केली असेल. प्रगतिपुस्तकांवर करायचे तशीच, गठ्ठ्यात. २०१९ मध्ये कंटाळून तोट्यात विकूनही टाकले. त्या विकण्याच्या चिठ्ठीवरही माझीच सही.

म्हणजे पंधरा वर्षं मी मोठ्या बँकेची भागधारक होते आणि मला पत्ता नव्हता! मी चिडले. ‘हे’ म्हणाले, “पैसे आपलेच होते ना? तुला सांगून काय फरक पडला असता?” तोट्याचं मला काही वाटलं नाही, हो. तोटा कुणालाही होतो. पण त्या दिवशी आमच्यात जी बोलाचाली झाली, ती चाळीस वर्षांत झाली नव्हती. मैत्रिणींपैकी किती जणींच्या नावाने डीमॅट खातं आहे आणि पासवर्ड मुलाच्या मोबाइलमध्ये आहे, हे जरा विचारून बघा. आमच्या भिशीत मी विचारलं. अकरापैकी चौघी निघाल्या. एकीचा मुलगा आईच्या खात्यातून फ्यूचर्स-ऑप्शन्स खेळतो. सेबीने २०२४ मध्ये अभ्यास केला, त्यात या प्रकारात व्यवहार करणाऱ्या दहापैकी नऊ जणांचं नुकसानच झालेलं दिसलं. नफा झाला तर पोराचा, आणि इन्कम टॅक्सची नोटीस आली तर आईच्या नावाने! याला माझा ठाम विरोध आहे. शेअर घ्या नाहीतर घेऊ नका, पण आपल्या नावाचं खातं आपल्या मोबाइलवर हवं, ओटीपी आपल्यालाच यायला हवा आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय ते आपल्याला ठाऊक हवं.

मी माझं खातं मीच उघडलं. भाच्याने दाखवलं, पण बोट माझं. सगळे मिळून चार लाखांपर्यंतचे शेअर असतील आणि दुसरं डीमॅट खातं नसेल, तर साध्या खात्याला वार्षिक शुल्क पडत नाही, हेही तेव्हा कळलं. जुनं खातं अर्ज देऊन बंद करून घेतलं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत समोरच्या वहिनी आल्या.

त्यांचे यजमान गेल्या वर्षी अचानक गेले. खासगी नोकरी होती, पेन्शन नाही. मुलगा बारावीत. विम्याचे नऊ लाख आले होते, तेवढाच आधार. पुतण्याने त्यांना सांगितलं होतं, की काकू, सगळे मोठ्या बँकांच्या शेअरमध्ये टाका, पाच वर्षांत दुप्पट. त्या मला म्हणाल्या, “बाई, तुम्ही शाळेत होतात, तुम्हाला कळतं. तुम्हीपण घेताय ना शेअर? मग मीही घेते.”

मी म्हटलं, “वहिनी, तुम्ही नका घेऊ.”

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही घ्यायचे आणि आम्ही नाही?”

मला ते लागलं. कारण वरवर बघता खरंच तसंच होतं. मी तरी कुठली शहाणी, आणि दुसरीला नाही म्हणणारी मी कोण? रात्री पुन्हा विचार केला. फरक अकलेचा नाही. वहिनींना माझ्याइतकीच अक्कल आहे, व्यवहार तर माझ्यापेक्षा जास्त कळतो. फरक हा आहे, की माझ्या खात्यावर एक तारखेला पेन्शन जमा होते. माझे शेअर निम्म्यावर आले तर मी ‘ह्यां’ची बोलणी खाईन, पण दूध बंद होणार नाही. वहिनींना पुढच्या जूनमध्ये मुलाची फी भरायची आहे. शेअर दहा वर्षांत वाढेलही, पण फी काही दहा वर्षं थांबणार नाही. तिला पडत्या भावात विकावंच लागेल, आणि बँकेच्या शेअरात खरा घात होतो तो तिथेच.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेले आणि हे असंच सांगितलं. पतसंस्थेचंही सांगितलं, कारण पुतण्या नाही तर आणखी कुणीतरी जादा व्याजाचं आमिष घेऊन येणारच. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, एका बँकेत एका नावावर व्याज धरून पाच लाखांपर्यंत. १९९३ पासून तो एकच लाख होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच झाला. पतसंस्थेला हा विमा नाही. माझ्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. मग आम्ही दोघी पोस्टात गेलो. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत २०२३ पासून एका नावावर नऊ लाखांपर्यंत ठेवता येतात. त्यातल्या सहा लाखांचं तिथे केलं, दर महिन्याला व्याज. तीन लाख एका सरकारी बँकेत, मुलाच्या फीच्या तारखा बघून लहान लहान ठेवी. पुतण्या रुसला आहे, असं ऐकलं.

माझं काय केलं? मी आधीपासून दरमहा दोन हजार रुपये एका निर्देशांक फंडात घालते. तो निफ्टीचा फंड. वही भरताना कळलं, की निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांत बँका आणि वित्तसंस्थांचाच वाटा एक तृतीयांशाहून जास्त आहे. म्हणजे भाचा मला जी बँक विकत घ्यायला सांगत होता, ती मी थोडी थोडी घेतच होते! हे त्यालाही सुचलं नव्हतं. म्हणून सहापैकी साडेचार लाखांची पुन्हा ठेव केली. ‘हे’ खूश. पन्नास हजार बचत खात्यात, गुडघ्याचं काही निघालं तर. आणि राहिलेल्या एका लाखाचे दोन मोठ्या बँकांचे शेअर, एक सरकारी, एक खासगी, दर महिन्याला दहा हजारांचे, दहा महिने. नावं मुद्दाम सांगत नाही, नाहीतर उद्या कुणीतरी “बाईंनी लिहिलं होतं” म्हणून घेईल. सात वर्षं या लाखाकडे बघायचं नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. लाभांश आला तर तो उत्पन्नात धरून कर भरायचा. पुढेमागे विकून वर्षाला सव्वा लाखाहून जास्त दीर्घ मुदतीचा नफा झालाच, तर वरच्या रकमेवर साडेबारा टक्के. एवढा नफा होईपर्यंत मी आहे की नाही कुणास ठाऊक, म्हणून भाचीचं नाव वारस म्हणून लावलं आहे.

‘ह्यां’ना एक लाखही जास्त वाटतात. भाच्याला फारच कमी. दोघेही नाराज आहेत, त्या अर्थी आकडा बरा असावा.

तिसरा हप्ता घातला त्या आठवड्यात वहिनी पोस्टातून परस्पर आमच्याकडे आल्या. पासबुकात व्याजाची नोंद करून आणली होती, ती मला दाखवायची होती. मी चष्मा लावून बघितली. मग त्यांनी विचारलं, “आणि तुमचं, बाई?” मी मोबाइल उघडला, पासवर्ड घातला. तीस हजारांवर अकराशे रुपयांनी खाली.

“असू द्या,” वहिनी म्हणाल्या, “आज चहा माझ्याकडे.”